व्हिएन्नातलं गिराण

ही गोष्ट फसली तेराशे एकवीस सालची. इंग्रजी हिशेबानं तेव्हा एकोणीसशे बारा लागलं होतं. हैदराबादेत जुने निजाम वारून नवे गादीवर बसले, त्याला वर्षही झालं नव्हतं. माजलगावच्या तहसील कचेरीत अजून जुन्यांचीच तसबीर होती.

त्या साली माजलगावचे अर्जुनराव देशमुख आणि त्यांच्या बायको केशरबाई समुद्र ओलांडून व्हिएन्ना नावाच्या शहरात गेले. तालुक्यातलं कुणी त्याआधी मुंबईच्या पुढं गेलं नव्हतं. हौसेनं गेले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. ते गेले एका डोळ्यासाठी.

एकाच डोळ्यासाठी, कारण दुसरा आधीच गेला होता. पाच वर्षांपूर्वी दिंद्रुडच्या बाजारात एक फिरता वैदू आला होता. सुईनं पडदा पाडून नजर देतो म्हणाला, आणि दिलीही. दोन दिवस अर्जुनरावांना लिंबावरचे पोपट दिसले. तिसऱ्या दिवशी डोळा सुजला, आठवड्यात पांढरा पडला. पुढं उरलेल्या डोळ्यातही धुकं शिरायला लागलं. आधी दूरचं गेलं, मग जवळचं, मग माणसांचे चेहरे.

अर्जुनराव म्हणजे बैलांचे जाणते. घाटनांदूरकडच्या बाजारात कुणाला जोडी घ्यायची असली की अर्जुनरावांना सोबत नेत. बैल नुसता चार पावलं चालवून दाखवला की ते सांगत, हा औताला चालेल, हा गाडीला, आणि हा तुम्हाला पुढच्या वर्षी रडवील. जायच्या आदल्या पोळ्याला त्यांनी स्वतःच्या हातानं बाशिंग बांधलं, ते शेजाऱ्याच्या बैलाला. धाकटे भाऊ मोहनराव चारचौघांत मोठ्यानं हसले.

"दादा, आता तुमी ओसरीवर बसा अन् माळ वढा. बैलांचं आमी बघू."

अर्जुनराव चाचपत घराकडं वळले. घरात येऊन केशरबाईंना एवढंच म्हणाले, "डोळा पायजे मला. कुठंबी जावं लागलं तरी."

हैदराबादच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि हात आखडता घेतला. मोतीबिंदू आहे, पण एकच डोळा उरलाय, आणि तोही नाजूक. माझ्या हातून गेला तर मी कुठं तोंड दाखवू, म्हणाले. व्हिएन्नाला एक मोठे प्रोफेसर आहेत, असे डोळे तेच उघडतात. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. सोबतीला राधाकिशन मिळाला. हैदराबादच्या एका वकिलाकडं तो मुन्शी होता, इंग्रजी बोलायचा, आणि जग बघायची त्याला भारी हौस होती.

केशरबाई तेव्हा तीस वर्षांच्या. सासर माजलगाव, माहेर दिंद्रुड, आणि मध्ये जेवढी वाट तेवढंच त्यांचं जग. नवरा दुसऱ्याच्या हातचं खात नाही, म्हणून त्यांनी जायचं ठरलं. सात वर्षांची गीता आजीजवळ राहणार होती. गीताचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला होता. बोलायची गोड, पण परकं माणूस आलं की आईच्या पदराचं टोक तोंडाशी धरायची. आपल्या लेकराचा ओठ कशानं फाटला हे केशरबाईंना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गीता पोटात असताना चंद्राला गिराण लागलं होतं. बाकीच्या बायका हातावर हात ठेवून बसल्या होत्या, आणि यांनी विसरून अडकित्ता उचलला आणि एक सुपारी कातरली. अर्धीच. ध्यानात आलं तशी चुलीत टाकली.

निघायच्या दिवशी केशरबाईंच्या आई छबुबाई मंजरथला जाऊन गंगेचं पाणी घेऊन आल्या. आपल्याकडं गंगा म्हणजे गोदावरीच. तांब्याचा लहान गडू, आत तुळशीची पानं, तोंड राळेनं बंद केलेलं.

"परमुलखात ह्ये जवळ असू दे," त्या म्हणाल्या. "तिथलं पाणी कसलं असंल कुणाला ठावं."

महाशिवरात्र झाली आणि बैलगाडीनं सेलूपर्यंत, तिथून आगगाडीनं मनमाड, मग मुंबई. आगबोटीत केशरबाईंच्या पोटात पहिले चार दिवस पाणीही ठरलं नाही. पाचव्या दिवशी त्या वर आल्या, तर अर्जुनराव कठड्याला धरून उभे.

"पाणी कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"काळं."

"किती हाय?"

"लई."

"म्हंजे गंगेवानी?"

केशरबाईंनी चारी बाजूंना बघितलं. "तुमी आत चला," त्या म्हणाल्या.

व्हिएन्नाला पोचले तेव्हा शिमगा होऊन गेला होता, पण थंडी अशी की श्वासाची वाफ दिसायची. नऊवारी लुगड्यावर पुरुषी लांब कोट घालून केशरबाई दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

"बघू द्या, बाईसाहेब," राधाकिशन म्हणाला. "त्यांना वाटतंय, हिंदुस्थानातली राणी आली."

"राणीच्या मोज्याला भोकं असत्यात व्हय?"

प्रोफेसर पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे. महिनाभर त्यांनी नुसतं औषध घालून डोळा शांत केला. त्या महिन्यात पाडवा आला आणि गेला; केशरबाईंनी खिडकीच्या गजाला साखरेची पुडी बांधली, तीच गुढी. दवाखान्यातल्या शुश्रूषा करणाऱ्या बाया जोगिणी होत्या, डोक्याला पांढरं टोपडं, कमरेला माळ. त्यांना ही बाई पावाबरोबर कारळाची चटणी खाते याचं नवल वाटायचं. एकीनं चटणी चाखली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली. त्या दिवसापासून ती रोज हसून जायची.

बारा एप्रिलला डोळा कापला. सारं झाल्यावर दोन्ही डोळ्यांवर कापूस आणि पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. प्रोफेसर बोलत होते आणि राधाकिशन सांगत होता.

"नऊ दिवस. उताणं झोपायचं. उठायचं नाही, कूस बदलायची नाही, वाकायचं नाही. खोकायचं नाही. पट्टीला पाण्याचा थेंब लागता कामा नये. नवव्या दिवशी मी स्वतः सोडीन."

"शिंक आली तर?" अर्जुनरावांनी पडल्या पडल्या विचारलं.

"दाबायची."

"अन् हसू आलं तर?"

"बाईसाहेबांना सांगा, हसवू नका."

"ती कुठली हसवती," अर्जुनराव म्हणाले, आणि त्या खोलीत सगळे हसले, त्यांच्याशिवाय.

काप चांगला झालाय, प्रोफेसर म्हणाले होते. बैल ओळखता येईल का, असं अर्जुनरावांनी विचारायला लावलं, तर ते म्हणाले, बैलच काय, त्याच्या अंगावरची माशीही.

पाच दिवस केशरबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसून होत्या. घास भरवायच्या, पाय दाबायच्या, आणि गीता आता काय करत असेल ते बोलायच्या. अर्जुनराव बोटांवर दिवस मोजायचे. पोळ्याच्या आत घरी, म्हणायचे. या पोळ्याला मोहनला जवळ उभा करून बाशिंग बांधतो, म्हणायचे.

सहाव्या दिवशी बुधवार होता. सकाळीच राधाकिशन येऊन सांगून गेला, "आज दुपारी जरा टेकडीवर जाऊन येतो, बाईसाहेब. तिथं गंमत आहे. संध्याकाळी हजर." कसली गंमत ते त्यानं सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही.

उन्हं डोक्यावर आल्यावर केशरबाई खिडकीशी गेल्या. खाली अंगणात ती चटणीवाली जोगीण एक काचेचा तुकडा मेणबत्तीवर धरून काळा करत होती. तिच्याभोवती स्वयंपाकीण, झाडूवाला, दोन पेशंट, सगळे माना वर करून उभे. एकानं काळी काच डोळ्याला लावली आणि हात वर केला. केशरबाईंनी अंगणाकडं पुन्हा बघितलं. ऊन होतं, पण त्यात राख कालवल्यासारखी झाली होती. भिंतीवरच्या सावल्या कडेनं कातरल्यासारख्या दिसत होत्या. आणि आज चैत्री अवस होती.

त्या खिडकीपासून मागं सरल्या.

माजलगावच्या जोशांनी संक्रांतीला नव्या सालचं पंचांग वाचून सांगितलं होतं, औंदा आपल्याकडं गिराण दिसायचं न्हाई, पाळायचं न्हाई. ते खरंच होतं. माजलगावात दिसणार नव्हतं. पण त्या माजलगावात नव्हत्या. जिथं दिसतं तिथं पाळायचं, हे तर लहान पोरीलाही ठाऊक. घरी असत्या तर पाण्यावर तुळस टाकली असती, गिराण लागल्यावर एक अंघोळ आणि सुटल्यावर एक, अंगावरच्या कपड्यांसकट, डोक्यावरून. आजारी माणसालाही तिथं कुणी सोडत नाही.

आणि इथं नवरा उताणा पडलेला, डोळ्यात ताजी जखम.

सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. स्टुलावर येऊन बसल्या आणि दातांखाली पदर धरला. प्रोफेसरांनी बजावलंय, आणि यांना काही दिसत नाही. दोन घटकांत सुटेल, कुणाला कळायचंही नाही. असं मनाशी म्हणत होत्या आणि डोळ्यांपुढं गीताचा ओठ येत होता. तेव्हाही कुणाला कळलं नव्हतं. कळायचं त्याला कळलंच होतं.

"अगं, खाली गलका कशाचा?" अर्जुनरावांनी विचारलं.

"काय न्हाई. पोरं हायत."

"दवाखान्यात पोरं कुठली?"

"आली असतील कुणाची. तुमी झोपा."

"सहा दिस झोपूनच हाय मी. तुझा आवाज असा कावून झालाय?"

केशरबाईंनी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. अर्जुनरावांनी हात पुढं केला आणि चाचपत त्यांचं मनगट धरलं. 

"काय झालं? गीताचं कायी पत्र आलं?"

"न्हाई हो."

"मग?"

"गिराण लागलंय," केशरबाई म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं.

अर्जुनरावांनी मनगट आणखी घट्ट धरलं. मग म्हणाले, "सूर्याला?"

"व्हय."

"अन् मी असा डोळा चिरून पडलोय." त्यांनी मनगट सोडलं. "पाणी हाय का खोलीत?"

"हाय. पण डॉक्टरानं…"

"डॉक्टरला काय ठावं? त्येच्या मुलखात गिराणाचा तमाशा बघत्यात. त्येला त्येचं बरंबी व्हत असंल. आपलं व्हईल का?"

"हात-पाय धुते तुमचे. ओल्या फडक्यानं अंग पुसते. चालंल की आजाऱ्याला."

"पाळायचं तर नीट पाळ. अर्धवट केल्यालं आपल्याला फळलं न्हाई."

"म्हंजे?"

अर्जुनरावांनी तोंड वर, छताकडंच ठेवलं होतं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "गीताच्या येळी सुपारी कातरलीस. अर्धी चुलीत टाकलीस. दारातून बघितलं व्हतं मी."

केशरबाई पट्टीकडं बघत राहिल्या. सात वर्षं हा माणूस त्यांच्या हातचं जेवला होता. लेकीचा ओठ बघून बायकांनी टोचून बोललं तेव्हा हाच पुढं होऊन म्हणाला होता, देवाची मर्जी. आणि त्यानं बघितलं होतं. तेव्हा त्याला डोळा होता.

"कधी बोलला न्हाईत," त्या म्हणाल्या.

"बोलून ओठ जुळला असता व्हय? उठव मला."

पुढचं सगळं त्यांच्या हातांनी केलं. वाळूच्या पिशव्या बाजूला काढल्या. पाठीखाली हात घालून त्यांना बसवलं, स्टुलावर आणलं, पायाखाली चिनी मातीचं मोठं पातेलं सरकवलं. खोलीतल्या सुरईत पाणी होतं, पण ते नळाचं, परक्याचं. ट्रंकेतून त्यांनी गडू काढला. राळ फोडली तेव्हा आतून कुजल्या पानांचा वास आला, थोडासाच. तुळशीचा असेल, असं वाटलं. गंगेचं पाणी नासत नाही. ते त्यांनी सुरईत ओतलं.

"डोक्यावरून," अर्जुनराव म्हणाले.

डाव्या हाताचा पंजा त्यांनी पट्टीवर घट्ट दाबून धरला आणि उजव्या हातानं ओतलं. तीन वेळा. पाणी बर्फासारखं होतं. अर्जुनराव शहारले, दात वाजले, पण तोंडानं नाव घेणं सुटलं नाही. पाणी केसांतून कपाळावर, कपाळावरून केशरबाईंच्या बोटांवर आणि बोटांच्या फटीतून कापसात गेलं. ते जाताना त्यांना तळव्याखाली कळलं. कापूस आधी कोरडा होता, मग जड झाला.

गाईची धार काढायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता. कपडे बदलले, अंग पुसलं, पुन्हा निजवलं, पिशव्या लावल्या, फरशी पुसली. मग अंगणातली माणसं हसत-बोलत वर यायला लागली. गिराण सुटलं होतं. सुटल्याची अंघोळ राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत केशरबाईंना त्याचीच रुखरुख होती, की एकच झाली, दुसरी राहिली. पट्टीची आठवण त्यांनी मनातून दूर ढकलून दिली होती.

जोगिणीनं उशी चाचपली आणि भुवया वर केल्या. संध्याकाळी राधाकिशननं विचारलं, "बाईसाहेब, त्या म्हणतात उशी ओली कशी?"

"घाम आला."

"एवढ्या थंडीत?"

"आला," केशरबाई म्हणाल्या. "आजारी माणूस हाय."

राधाकिशन टेकडीवरच्या गमतीबद्दल सांगायला उतावीळ होता. सूर्याची चंद्रासारखी कोर झाली होती, म्हणाला. मग वर्तमानपत्र काढून म्हणाला, परवा एक भली मोठी आगबोट बर्फाला आपटून बुडाली. केशरबाईंना यातलं काही ऐकू आलं नाही. त्या खाटेवरच्या हाताकडं बघत होत्या. हाताची मूठ वळलेली होती.

सातव्या दिवशी उजाडताना अर्जुनराव हळूच म्हणाले, "ठणकतंय."

"लई?"

"सुईच्या येळी ठणकत व्हतं तसं."

"मी बोलावते त्यान्ला."

"न्हाई." त्यांनी पदर धरला. "आज पट्टी सोडली तर ईचारतील, उठला कशाला? अन् हात काढून घेतला त्येनी तर? परवाच्याला सोडणारच हायत. दोन दिस. तू बोलू नको. तुला गीताची आण."

त्या दोन दिवसांत अर्जुनरावांनी टॉवेलची एक कड दातांनी फाडली. जोगिणी आल्या की कड तोंडातून काढायचे आणि हसल्यासारखं करायचे. जेवण केशरबाई गुपचूप खिडकीतल्या पाखरांना टाकायच्या, आणि ताट रिकामं दिसलं की जोगिणी शाबासकी द्यायच्या. अंग तापलं होतं. पट्टीच्या कडेला पिवळी रेघ दिसायला लागली. केशरबाईंनी ती ओल्या बोटानं पुसली. ती पुन्हा आली. पुन्हा पुसली. मुंबईपासून इथवर सगळी वाट त्यांना आठवत होती, ते काळं पाणी, आणि तेवढं पाणी ओलांडून आणलेला डोळा आपण हातानं पुसतोय असं त्यांना वाटलं.

आठव्या दिवशी दुपारी त्यांच्या बोटाला वास आला. दिंद्रुडच्या वैदूनंतर आला होता तोच.

त्या उठल्या आणि खोलीबाहेर धावल्या. लांबलचक पडवीच्या टोकाला प्रोफेसर चार शिकाऊ डॉक्टरांबरोबर येत होते. केशरबाईंनी डोक्यावरचा पदर सावरलाही नाही. त्या म्हाताऱ्याच्या कोटाची बाही त्यांनी दोन्ही हातांनी पकडली.

"चला. आत्ता चला. सडतोय हो डोळा, चला तुमी."

शब्द त्यांना कळले नसतील. पण ते चालायला लागले, आणि मग पळायला.

पट्टी सोडली तेव्हा राधाकिशन पोचला होता. त्यानं एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. प्रोफेसर खूप वेळ वाकून होते. मग सरळ झाले, केशरबाईंकडं बघून काहीतरी विचारलं.

"विचारतायत," राधाकिशन म्हणाला, "उठले होते का? पाणी लागलं का?"

केशरबाईंनी तोंड उघडलं.

"न्हाई," खाटेवरून आवाज आला. "सांग त्येला. न्हाई लागलं."

राधाकिशननं केशरबाईंकडं बघितलं. त्या उभ्या होत्या, तोंड तसंच उघडं. मग त्यानं जे ऐकलं ते सांगितलं. प्रोफेसरांनी मान हलवली, कागदावर काही लिहिलं, आणि चष्मा काढून पुसत राहिले. मग हळूहळू बोलले.

"म्हणतात, शंभरातून एकदा असं होतं. माझ्या हाताचाच काही दोष राहिला असेल. म्हणतात, माफ करा."

अर्जुनरावांनी भिंतीकडं मान वळवली. आता मान हलवायला कुणाची मनाई नव्हती. केशरबाई त्या म्हाताऱ्या माणसाच्या हातांकडं बघत राहिल्या. निजलेल्या माणसाच्या डोळ्यात सुरी धरणारे हात, आता रुमालाशी चाळा करत होते.

विष मेंदूत जाऊ नये म्हणून तीन दिवसांनी डोळा काढून टाकला.

त्यानंतर परतीची आगबोट मिळेपर्यंत बारा दिवस त्या शहरात काढायचे होते. पहिले काही दिवस दोघांचं बोलणं कामापुरतंच. खायचं का, व्हय, न्हाई, एवढंच. एक दिवस अर्जुनराव म्हणाले, "एवढ्या लांब आलो. गाव कसं हाय ते तरी सांग."

केशरबाईंच्या ध्यानात आलं की त्यांनी गाव बघितलंच नव्हतं. राधाकिशननं घोड्याची बग्गी केली. बग्गी चालत राहिली आणि केशरबाई दिसेल ते सांगत राहिल्या. दगडी घरं, एकाला एक लागून, मध्ये बोळ नाही. एक देऊळ, काळं, शेंडा आभाळात. बायकांच्या डोक्यावर टोपल्याएवढ्या टोप्या, त्यात पाखरांची पिसं. लांब एक लोखंडी पाळणा, जत्रेतल्यासारखा, पण एकेका खोप्यात अख्खी वरात बसेल. नदी मोठी. गंगेएवढी? न्हाई, गंगेएवढी न्हाई, त्या म्हणाल्या. ते खोटं होतं.

"रंग कसला पाण्याचा?"

"मातीचा. आपल्यासारखाच."

एका चौकात बग्गी थांबली. अर्जुनराव म्हणाले, "डावीकडचं घोडं लंगडतंय."

"कुणी सांगितलं?" राधाकिशननं विचारलं.

"टापा ऐकतोय न्हवं का मघापासून. उतरव मला."

उतरून त्यांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, खांद्यावरून खाली, गुडघ्यावर, मग खुरापर्यंत वाकले. बग्गीवाला आधी ओरडला, मग बघत राहिला. अर्जुनरावांनी खुराच्या फटीत बोट घालून हरभऱ्याएवढा खडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. जबडा उघडून दात चाचपले. "नऊ वर्षांचं हाय. सहाचं म्हणून विकलं असंल ह्याला."

राधाकिशननं सांगितल्यावर बग्गीवाला खो खो हसला, त्यानं अर्जुनरावांच्या पाठीवर थाप मारली आणि कुणाला तरी शिव्या दिल्या. अर्जुनरावही हसले. हसता हसता त्यांनी घोड्याच्या मानेत तोंड खुपसलं, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ज्या भोकातून पाणी यायला नको होतं तिथूनही ते येत होतं. रस्त्यावरची माणसं थांबली. केशरबाईंनी जवळ जाऊन आपल्या पदरानं त्यांचं डोकं झाकलं.

"मी बोलले नसते तर," त्या म्हणाल्या.

"पाणी मी मागितलं."

"ओतलं मी."

"गप," अर्जुनराव पदराखालून म्हणाले. "गावात यातलं कायी बोलायचं न्हाई. डॉक्टराचा हात चुकला. एवढंच."

केशरबाईंनी हो म्हटलं.

गावात तेच सांगितलं गेलं. मोहनराव चावडीत बसून रंगवून सांगायचे, की दादांचा डोळा विलायतेच्या डॉक्टरनं फुकट घालवला. सुई काय अन् सुरी काय, सारखंच. गोष्ट माजलगावाहून दिंद्रुडला गेली, तिथून पुढं. कुणाच्या डोळ्यात पडदा आला आणि कुणी दवाखान्याचं नाव काढलं, की लोक म्हणायचे, देशमुखाचं काय झालं, ठावं न्हाई का?

आठ वर्षांनी सिदूच्या डोळ्यांत पडदा आला. सिदू देशमुखांची मेंढरं राखणारा. जालन्याला दवाखान्यात काप करतात, असं कुणी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मालकाचा ग्येला, माझा ऱ्हाईल व्हय? केशरबाईंनी त्याला गोठ्यापाशी बोलावलं. त्याची बायको बायडाबाई मेंढ्यांना पाला टाकत होती. केशरबाईंनी सगळं सांगितलं. गिराण, गडू, ओला कापूस, तीन वेळा ओतलेलं पाणी. आठ वर्षांत ते शब्द पहिल्यांदाच तोंडाबाहेर पडले होते.

"डॉक्टरचा दोष न्हवता, सिदू. त्येनं चांगला काप केलता. मी घालवला डोळा."

सिदूनं हात जोडले. "बाईसाब, तुमी लई मोठ्या मनाच्या. दुसऱ्याचं पाप अंगावर घेता."

"अरं, खरं सांगते मी."

"गंगेच्या पाण्यानं कुणाचा डोळा जातो व्हय?" तो म्हणाला, आणि काठी टेकत गेला.

सिदू जालन्याला गेला नाही. पुढं बारा वर्षं तो आंधळाच जगला, आणि एका पावसाळ्यात ओढ्यात पाय घसरून गेला. बायडाबाई मात्र पाला टाकता टाकता सगळं ऐकत होती. तिला स्वतःला पडदा आला तेव्हा ती लेकाला घेऊन जालन्याला गेली, नऊ दिवस उताणी पडली, आणि बघत आली. म्हातारपणी सुईत दोरा ओवायची.

राधाकिशनला पुढं हैदराबादेत वकिली मिळाली असती, पण एकोणीसशे अठराच्या तापात तो गेला, आईचा एकुलता एक पोर, अठ्ठेचाळीस तासांत. मोहनरावांनी घर आणि शेत चांगलं चालवलं. ते गुडघ्यांच्या दुखण्यानं खाटेला खिळले तेव्हा अर्जुनरावच रोज त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. प्रोफेसरांचं एक पत्र चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या आधी आलं होतं, इंग्रजीत. ते वाचायला कुणी नव्हतं, म्हणून तसंच ट्रंकेत राहिलं, आणि पुढं वाळवीनं खाल्लं. त्यांचं काय झालं ते इकडं कुणाला कळलं नाही.

गीताचं लग्न उशिरा झालं, धारूरच्या एका विधुर शिक्षकाशी. तिला तीन मुलं झाली, तिघांचेही ओठ नीट. दर गिराणाला सासरच्या बायका तिला दाराआड बसवायच्या, आणि ती बसायची.

अर्जुनराव एकोणीसशे एकतीसपर्यंत जगले. शेवटपर्यंत कुणी जोडी घेऊन आलं तर हात फिरवून सांगायचे, पण बाजाराला पुन्हा कधी गेले नाहीत. केशरबाई त्यांच्यामागं वीस वर्षं राहिल्या. निजामाचं राज्य गेलेलं त्यांनी बघितलं. घरात नव्या सुना आल्या की त्यांना कुणीतरी सांगायचंच, की आपल्या काकी विलायतेला जाऊन आल्यात. मग त्या पाया पडून विचारायच्या, काकी, कशी असते हो विलायत?

"आमी दवाखान्यात व्हतो," केशरबाई म्हणायच्या, आणि पुढ्यातली ज्वारी पाखडायला लागायच्या.